रक्तस्रावाच्या शॉकमध्ये नॉरअ‍ॅड लावायचं का, आणि लावलं तर कधी?

नॉरअ‍ॅड म्हणजे नॉरअ‍ॅड्रिनालीन, रक्तवाहिन्या आवळून बीपी चढवणारं औषध. अशा औषधांना प्रेसर म्हणतात. प्रश्न थोडक्यात असा: महामार्गालगतच्या ग्रामीण रुग्णालयातले एक वैद्यकीय अधिकारी विचारतात. मोटरसायकल अपघातातला तरुण, पोटात रक्त, मांडीचं हाड मोडलेलं, बीपी ७०/४०. एक लिटर सलाईन आणि स्टोरेजमधल्या ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या देऊन झाल्या. सिव्हिल दीड तासावर. सोबतचे डॉक्टर म्हणाले, डोपामीन (हाही एक प्रेसर) लावून पाठवू. सिव्हिलच्या सर्जननी फोनवर झापलं, ‘ब्लीडिंगच्या पेशंटला प्रेसर लावतात का?’ आणि त्याच पेशंटला तिथल्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, भूलतज्ज्ञांनी नॉरअ‍ॅड सुरू केलं. मग बरोबर कोण?

उत्तर:

सर्जन तुमच्या कॅज्युअल्टीपुरते बरोबर होते आणि भूलतज्ज्ञ त्यांच्या ओटीपुरते. डोपामीन मात्र कुठेच बरोबर नव्हतं. मी स्वतः भूल आणि अतिदक्षता या बाजूचा माणूस, त्यामुळे सर्जन मंडळींना पुढचं काही थोडं प्रेसरकडे झुकलेलं वाटेल. वाटू द्या.

आधी शरीरात काय चाललेलं असतं ते बघू, कारण सगळी भानगड तिथेच आहे. साठ किलोच्या माणसात साधारण ४.२ लिटर रक्त असतं आणि त्यातलं सुमारे ७० टक्के शिरांमध्ये. या शिरांमधलं बरंचसं रक्त भिंतीवर ताण न आणता नुसतं पडून असतं. ते हृदयाकडे परतण्याचा दाब तयार करत नाही. रक्तस्राव सुरू झाला की सिम्पथेटिक यंत्रणा (संकटात शरीर सावरणारं मज्जातंतूंचं जाळं) पहिलं काम हेच करते. शिरा आवळते आणि पडून असलेलं रक्त हृदयाकडे ढकलते. मग धमन्या आवळते, नाडी वाढवते. म्हणून तरुण माणूस एक-सव्वा लिटर रक्त गमावूनही बीपी शंभराच्या आसपास टिकवतो आणि आपल्याला फसवतो. तुमच्या पेशंटचा बीपी ७० दिसला याचा अर्थ ही सगळी राखीव कुमक खर्च झाली होती. म्हणजे ३० ते ४० टक्के रक्त गेलं, कदाचित जास्त. साठ किलोच्या माणसात हे दीड लिटरच्या घरात जातं. त्वचा न फाटता मांडीचं हाड मोडलं तर त्या मांडीतच एक ते दीड लिटर मावतं, पोटाचा हिशेब वेगळा.

आता या क्षणी तुम्ही नॉरअ‍ॅड लावलं तर काय होईल? शरीर स्वतःचं नॉरअ‍ॅड आधीच भरपूर ओतत आहे. शिरा आधीच आवळलेल्या आहेत, त्यातून आणखी फारसं निघत नाही. निघतो तो दाब धमन्या आवळून. आतडी, मूत्रपिंड, यकृत यांचा उरलासुरला पुरवठा तोडून मॉनिटरवर ९५ दिसतात. शिवाय फाटलेल्या जागी दाब वाढतो, नुकतीच धरू लागलेली गुठळी सुटते. ह्यूस्टनमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत आजही आठवावा असा आहे. धडाला भोसकल्याच्या किंवा गोळीच्या जखमा असलेले ५९८ प्रौढ रुग्ण. एका गटाला लगेच सलाईन, दुसऱ्या गटाला ओटीत पोहोचेपर्यंत नाही. जगण्याचं प्रमाण ६२ विरुद्ध ७० टक्के, आणि सरशी उशिरा सलाईन मिळालेल्या गटाची. तो अभ्यास सलाईनचा होता, प्रेसरचा नव्हता. पण रक्तस्राव थांबायच्या आधी दाब चढवण्याची किंमत त्यातून कळते.

आणि एक गोष्ट प्रेसरविरोधकही पुरेशी बोलत नाहीत. बीपी हे तोवर तुमचं चिन्ह होतं. पेशंट आणखी रक्त गमावतोय की नाही हे ते सांगत होतं. नॉरअ‍ॅड सुरू झाल्यावर बीपीची साक्ष बाद होते. मग तुम्हाला नाडीचा दाब (बीपीच्या वरच्या-खालच्या आकड्यांतला फरक), हातापायाचं तापमान, केशिका भरायला लागणारा वेळ, शुद्ध, लॅक्टेट आणि बेस डेफिसिट (पेशींना पुरवठा कमी पडल्याच्या रक्ततपासणीतल्या खुणा) यांच्यावर चालावं लागतं. दीड तासाच्या प्रवासात रुग्णवाहिकेत यातलं निम्मं दिसत नाही. म्हणून ‘प्रेसरवर बीपी ११०, स्थिर’ असं लिहून आलेला पेशंट मला ७०/४० वर आलेल्या पेशंटपेक्षा जास्त घाबरवतो. ७० वाल्यासाठी लोक धावतात. ११० वाल्याला सीटीच्या रांगेत उभं करतात.

इतकं असूनही भूलतज्ज्ञांनी नॉरअ‍ॅड का लावलं?

भूल देताच ती सिम्पथेटिक यंत्रणा, जिच्या जोरावर तो माणूस जिवंत होता, मिनिटभरात सैल पडते. प्रोपोफॉल द्या, मिडॅझोलम द्या, फेंटानिल द्या, केटामीनसुद्धा द्या. ज्याचा कॅटेकोलामीनचा (शरीर स्वतः बनवतं त्या नॉरअ‍ॅडसारख्या द्रव्यांचा) साठा संपत आलाय त्याच्यात केटामीनही हृदय दाबतं, हे विसरू नका. त्यावर ट्यूब घालून पॉझिटिव्ह प्रेशरने (हवा आत ढकलून) श्वास सुरू केला की छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. पोट उघडलं की रक्ताने फुगलेल्या पोटाचा शिरांवरचा आणि फुटलेल्या जागेवरचा दाबही जातो. पाच मिनिटांत तीन धक्के. या वेळी नॉरअ‍ॅड जे करतं ते भूलेने हिरावलेला ताण परत देणं. शरीर आधीच देत असलेल्या ताणावर आणखी ताण चढवणं नव्हे. औषध तेच, मात्रा तीच, पण अर्थ पूर्ण उलटा. सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्या भांडणाचं मूळ इथे आहे. दोघं वेगवेगळ्या अवस्थेतल्या पेशंटबद्दल बोलत असतात.

म्हणून आमच्याकडची शिस्त अशी: पेशंट टेबलावर, पोट रंगवून ड्रेप केलेलं, सर्जन हातमोजे घालून सुरी हातात घेऊन उभे, रक्त लाइनला जोडलेलं, आणि मग भूल. केटामीन नेहमीच्या निम्म्या मात्रेत किंवा त्याहून कमी, स्नायू शिथिल करणारं औषध मात्र पूर्ण मात्रेत किंवा जरा जास्त, कारण रक्ताभिसरण मंद असतं. नॉरअ‍ॅडचा पंप आधीच जोडलेला, लागलं तर कळ दाबायची. फेनिलेफ्रीन या दुसऱ्या प्रेसरच्या ५० ते १०० मायक्रोग्रॅमच्या सिरिंजाही भरून ठेवलेल्या असतात, पण त्या मिनिटाचं काम भागवतात, तासाचं नाही.

दुसरी वेळ उशिराची. रक्तस्राव तासन्‌तास चालला, पीएच ७.१ च्या खाली गेला, शरीर थंड पडलं, की धमन्यांचे स्नायू कॅटेकोलामीनला दाद देईनासे होतात. मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतला व्हॅसोप्रेसिनचा (रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकाचा) साठाही सुरुवातीच्या मोठ्या उसळीनंतर आटतो. अशा वेळी सर्जननी गळती थांबवलेली असते, रक्त भरून झालेलं असतं, आणि तरी बीपी धरत नाही. हा शॉक आता रक्त कमी पडल्याचा राहिलेला नसतो, धमन्या सैल पडल्याचा असतो. नॉरअ‍ॅड आणि सोबत थोडं व्हॅसोप्रेसिन इथे योग्यच. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायचाच: खरंच थांबलंय का? ऑपरेशननंतर आयसीयूत नॉरअ‍ॅडची गरज तासागणिक वाढत असेल तर आधी ड्रेन, पोटाचा घेर, सोनोग्राफी आणि सर्जनना फोन. पंपाचा आकडा वाढवणं नंतर.

तिसरी वेळ डोक्याच्या दुखापतीची, आणि महाराष्ट्रात ही सर्वात जास्त भेटते, कारण आपला अपघातग्रस्त बहुतेकदा दुचाकीवरचा आणि बिनहेल्मेटचा. साध्या रक्तस्रावात गळती थांबेपर्यंत सिस्टोलिक (बीपीचा वरचा आकडा) ८० ते ९० चालवून घ्यावं, असं २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांतही म्हटलंय. पण ग्लासगो (शुद्धीचे १५ पैकी गुण) ८ किंवा त्याखाली असेल तर तीच तत्त्वं सरासरी दाब किमान ८० ठेवायला सांगतात. मेंदूला कमी दाब सोसत नाही. ९० च्या खालचा एकच प्रसंगसुद्धा मृत्यूचा धोका साधारण दुप्पट करतो, हे १९९३ पासून माहीत आहे. पोटातही रक्त आणि डोक्यालाही मार, असा पेशंट असेल तर मी मेंदूच्या बाजूने उभा राहतो, रक्त येईपर्यंत नॉरअ‍ॅड वापरतो आणि सर्जनची नाराजी पत्करतो. मानेच्या मणक्याच्या दुखापतीत नाडी मंद, हातपाय गरम आणि बीपी पडलेला, तिथे तर प्रेसर हे मूळ उपचारच आहेत. फक्त ‘मणक्याचा शॉक’ असा शिक्का मारण्याआधी पोट, छाती आणि ओटीपोट यांत रक्त नाही हे बघून घ्या. बहुधा दोन्ही असतं.

आता पुराव्याचं. २००८ साली अमेरिकेत ९२१ बोथट मार लागलेल्या रुग्णांचा अभ्यास आला. ज्यांना पहिल्या १२ तासांत प्रेसर लागले त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी अधिक आढळला. सर्जन मंडळी याच अभ्यासाचा हवाला देतात. अडचण उघड आहे: ज्यांची प्रकृती जास्त खालावलेली त्यांनाच प्रेसर लागतात, कितीही गणिती दुरुस्त्या करा. शिवाय तो काळ दहा-दहा लिटर सलाईन ओतण्याचा होता. २०२२ साली दोन हजारांहून अधिक रुग्णांचा दुसरा निरीक्षणात्मक अभ्यास आला. त्यात लवकर दिलेल्या नॉरअ‍ॅडचा पहिल्या २४ तासांतल्या मृत्यूंशी संबंध आढळला नाही, ना वाईट ना चांगला.

चिठ्ठी टाकून केलेला नावाजलेला प्रयोग म्हणजे फिलाडेल्फियातला अ‍ॅव्हर्ट शॉक, २०१९. शंभर रुग्ण. ज्यांना रक्तघटकांच्या किमान सहा पिशव्या लागल्या त्यांनाच घेतलं. व्हॅसोप्रेसिन ४ युनिट एकदम आणि मग मिनिटाला जास्तीत जास्त ०.०४ युनिट, ४८ तास. व्हॅसोप्रेसिन गटाला ४८ तासांत साधारण १.४ लिटर रक्तघटक लागले, दुसऱ्या गटाला २.९ लिटर. पायातल्या शिरांत गुठळ्याही कमी झाल्या, ११ विरुद्ध ३४ टक्के. मृत्यूदरात फरक नाही. निम्मं रक्त वाचलं ही छोटी गोष्ट नाही, रक्ताची चणचण असलेल्या आपल्याकडे तर मुळीच नाही. पण तो प्रयोग वाचताना हे लक्षात ठेवा: बहुतेक रुग्ण तरुण, बहुतेकांना गोळी किंवा सुऱ्याची जखम, आणि ट्रॉमा सर्जन मिनिटांच्या अंतरावर. सहा पिशव्या मिळाल्यानंतरची ही गोष्ट आहे. सहा पिशव्यांच्या ऐवजी नव्हे. तुमच्या कॅज्युअल्टीत ट्रकखाली आलेल्या पेशंटवर ती जशीच्या तशी लावता येणार नाही.

जाता जाता: आकडा वर आणण्याचा मोह फक्त औषधांचा नाही. महाधमनीत फुगा फुगवून खालचा रक्तस्राव रोखणारं रेबोआ तंत्र घ्या. ब्रिटनमधल्या प्रयोगात (२०२३) ते वापरलेल्या गटात ९० दिवसांतला मृत्यूदर ५४ टक्के निघाला, न वापरलेल्या गटात ४२. फुगा फुगला की बीपी उत्तम दिसतो.

आता तुमचा पेशंट. मी तुमच्या जागी असतो तर क्रम असा लावला असता.

बाहेरून वाहणारं रक्त दाबून किंवा टूर्निकेने (हातपाय आवळणाऱ्या पट्ट्याने) बंद. मांडी सरळ करून स्प्लिंट, यानेच बराच रक्तस्राव कमी होतो. ओटीपोटाचं हाड संशयास्पद असेल तर मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूने लागणाऱ्या हाडांच्या उंचवट्यांवरून चादर घट्ट बांधायची. बऱ्याच ठिकाणी ती कमरेवर बांधलेली दिसते, तिथे तिचा उपयोग नाही. छातीत हवा कोंडली असेल तर ती आधी सोडायची, कारण त्या पेशंटला रक्त आणि नॉरअ‍ॅड दोन्ही देऊन काही होणार नाही. दोन जाड व्हेनफ्लॉन, १६ नंबर तरी. गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत, पहिल्या तीन तासांतच, मग १ ग्रॅम आठ तासांत. क्रॅश-२ या २० हजारांवर रुग्णांच्या प्रयोगात भारतातली रुग्णालयंही होती. तीन तासांनंतर दिलं तर रक्तस्रावाने मरण्याचा धोका उलट वाढतो हेही त्याच प्रयोगातून कळलं. हे औषध स्वस्त आहे, प्रत्येक कॅज्युअल्टीत असतं, आणि तरी रेफर होऊन आलेल्या पेशंटच्या चिठ्ठीवर ते अनेकदा नसतं. डोपामीन मात्र असतं.

कॅल्शियम. दोन पिशव्या गेल्या म्हणजे सायट्रेट (पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून घातलेलं, कॅल्शियम बांधून ठेवणारं द्रव्य) गेलं, आणि शॉकमधलं यकृत ते पचवू शकत नाही. कॅल्शियम कमी असेल तर ना गुठळी धरते, ना हृदय नीट आकुंचन पावतं, ना धमन्या आवळतात. म्हणजे नॉरअ‍ॅडचाही असर कमी. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटच्या दोन-तीन अ‍ॅम्प्यूल सावकाश द्या, पण रक्ताच्या लाइनमधून नाही, तिथेच गुठळी होईल. पेशंटला पांघरूण घाला. फेब्रुवारीच्या पहाटेच्या घाटात उघड्या अंगाने आलेले पेशंट ३४ डिग्रीवर असतात, आणि त्या तापमानाला रक्त गोठणं मंदावतं.

सलाईन आणखी किती? जवळपास नाही. एक लिटर झालं, पुरे. मनगटाची नाडी लागते, हाक मारली की डोळे उघडतो, एवढं असेल तर सिस्टोलिक ८० वर पाठवा, हात आवरा. हे लिहायला सोपं आणि नातेवाईक भोवती उभे असताना करायला कठीण, मला कल्पना आहे. सिव्हिलला फोन करून सर्जन आणि ब्लड बँक दोघांना कळवा. जाताना वाटेत ज्या ठिकाणी रक्त मिळेल तिथे दोन पिशव्या रुग्णवाहिकेत चढवता येतील का ते विचारा. मी असं जमवून आणलेलं पाहिलंय.

आणि मग उरतो तो पेशंट ज्याची मनगटाची नाडी हरवलीय, शुद्ध जातेय, रक्त संपलंय, रस्ता तासभराचा आहे. दुसरा पर्याय आहे तो आणखी तीन लिटर सलाईन ओतून उरलेलं रक्त पाण्यासारखं करायचं. इथे मी नॉरअ‍ॅड लावतो, अगदी कमी मात्रेत, ८० चं लक्ष्य ठेवून. युरोपीय तत्त्वंही हेच सांगतात: मर्यादित द्रव देऊन लक्ष्य गाठता आलं नाही तर द्रवाच्या जोडीला नॉरअ‍ॅड. त्या माणसाला हृदय थांबण्यापासून काही मिनिटं मिळवून द्यायची असतात, आणि ती फक्त तेव्हाच वापरायची जेव्हा समोर ओटी आहे. ओटीच्या दिशेने गाडी निघालेली नसेल तर नॉरअ‍ॅडची मिनिटं वाया जातात.

मात्रा: किलोला मिनिटाला ०.०५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात. ४ मिलिग्रॅम औषध ५० मिली ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे मिलीला ८० मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या माणसाला तासाला २.२ मिली. दुप्पट करायला हरकत नाही, चौपट करायला लागत असेल तर औषध चुकीच्या कामावर लावलंय असं समजा. अ‍ॅम्प्यूलवर लिहिलेलं वजन बायटार्ट्रेट क्षाराचं आहे की मूळ नॉरअ‍ॅडचं ते वाचा. क्षार दुप्पट जड असतो आणि इथे अर्ध्या मात्रेचा घोळ नेहमी होतो. पंप नसेल तर ४ मिलिग्रॅम ५०० मिलीमध्ये आणि मायक्रोड्रिप सेट (मिलीला ६० थेंब), मिनिटाला साधारण २२ थेंब. खड्ड्यांच्या रस्त्यावर थेंबांची शिस्त राहत नाही, म्हणून कुणीतरी सतत बघत बसायला हवं. कोपराजवळच्या चांगल्या शिरेतून तासभर देता येतं, मोठ्या शिरेतल्या सेंट्रल लाइनसाठी थांबू नका. लाइन वेगळी ठेवा. रक्ताच्याच लाइनला जोडलंत आणि कुणी पिशवी दाबली, तर नळीतलं सगळं नॉरअ‍ॅड एकदम आत जातं आणि बीपी १८० होतो. नुकती धरलेली गुठळी गेली.

डोपामीनबद्दल. ते आपल्याकडे अजून का टिकून आहे याचं कारण एवढंच की ते कपाटात असतं आणि हाताला सवयीचं आहे. आधीच १४० नाडी असलेल्या हृदयाला ते आणखी पळवतं. २०१० च्या १६७९ रुग्णांच्या तुलनेत, ज्यात सर्व प्रकारच्या शॉकचे रुग्ण होते, डोपामीन गटातल्या २४ टक्के रुग्णांचे ठोके बिघडले, नॉरअ‍ॅड गटातल्या १२ टक्क्यांचे. मेफेन्टरमीन या आणखी एका बीपी चढवणाऱ्या औषधाचंही तेच. स्पायनल भूल दिल्यावर सिझेरियनच्या टेबलावर ते चांगलं औषध आहे, कारण तिथे मज्जातंतूंच्या टोकांत नॉरअ‍ॅडचा साठा शाबूत असतो आणि मेफेन्टरमीन तो बाहेर काढतं. रक्तस्रावाच्या शॉकमध्ये तो साठा रिकामा होत आलेला असतो. पहिल्या ६ मिलिग्रॅमला थोडं वर येतं, दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला काहीच नाही.

वयस्कर पेशंटसाठी वेगळं वाक्य लिहायला हवं. सत्तरीतले आजोबा, बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारी गोळी) चालू, एकेकाळी १६० बीपी असलेले. त्यांची नाडी ८० च राहील आणि बीपी ११० दिसेल, तोच त्यांचा शॉक. ८० सिस्टोलिक त्यांच्या हृदयाला आणि मेंदूला झेपेल असं धरून चालू नका. रक्त पातळ करणारी गोळी विचारा. अशांना मी प्रेसर लवकर लावतो आणि लक्ष्य १०० च्या आसपास ठेवतो. इथे ठोस पुरावा थोडा आहे, हा माझा अंदाज समजा.

पुढच्या वेळी रेफरच्या चिठ्ठीवर हे लिहा: नॉरअ‍ॅड सुरू करण्याआधीचा बीपी आणि नाडी, सुरू केल्याची वेळ, मात्रा मिलीमध्ये नव्हे तर मायक्रोग्रॅममध्ये, ट्रॅनेक्सा कधी दिलं, कॅल्शियम किती, पिशव्या किती आणि सलाईन किती. आणि वर ठळक अक्षरात ‘प्रेसरवरचा बीपी’. मग सर्जन त्याला सीटीच्या रांगेत उभा करणार नाहीत.